रॅट बुजतो, माणूस काळजी करतो

जमिनीपासून पन्नास सेंटिमीटर उंचीवर लाकडी पट्ट्यांची एक फुली. तिला प्लस मेझ म्हणतात. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांना उंच भिंती, उरलेल्या दोन उघड्या. मधल्या चौकोनात रॅट ठेवायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि पाच मिनिटं मोजत बसायचं: भिंतींच्या आडोशाला तो किती वेळ राहिला, उघड्यावर किती वेळा गेला, कितीदा नुसतं डोकं बाहेर काढून मागे फिरला. फार्माकॉलॉजीत एम. फार्म. करताना मी हे तीस रॅटांवर केलं. तिसऱ्या गटातला चौथा रॅट उघड्या पट्टीच्या टोकापर्यंत गेला, काठावरून खाली वाकला आणि पुढच्या क्षणी फरशीवर होता. त्याच्याकडे नंतर येते.

प्रबंधाचा पहिला खर्डा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी परत दिला तेव्हा एकाच शब्दावर लाल पेनाच्या खुणा होत्या. मी लिहिलं होतं की औषध दिलेल्या प्राण्यांची चिंता कमी झाली. प्रबंध इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचं तर मॅडमनी प्रत्येक ‘चिंता’पुढे ‘-सदृश वर्तन’ जोडलं होतं. मी कुरकुरले. मॅडम म्हणाल्या, “चिंता वाटतेय म्हणून तो तुला सांगायला आला होता का? तो आडोशाला बसला एवढंच तू पाहिलंस. तेवढंच लिही.”

तेव्हा हा किरकोळ काटेकोरपणा वाटला होता. मेंदूतल्या पेप्टाइडांच्या, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांच्या, संशोधनात गेल्या चाळीसेक वर्षांत काय घडलं ते वाचत गेले तसं वाटू लागलं, की त्या क्षेत्राचा अर्धा इतिहास या ‘सदृश’मध्येच आहे. शोधनिबंधाच्या शीर्षकात तो असतो. सारांशात कधीमधी असतो. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात गळतो, वर्तमानपत्रात ‘चिंतेवर औषध सापडले’ होतं आणि इन्स्टाग्रामवर त्याच रेणूची कुपी विकायला येते. या गळतीची किंमत प्राणी मोजतात, रुग्ण मोजतात आणि करदाताही मोजतो. उंदरांवरचे हे प्रयोग बंद करा असं मी म्हणत नाही. पण त्यांतून जेवढं कळतं तेवढंच कळलं असं म्हणायची शिस्त आपण पाळत नाही, आणि ती पाळल्याशिवाय पुढचे प्रयोग करण्याचा नैतिक हक्कही आपल्याला उरत नाही.

आधी शब्दांचंच बघू. मराठीत रॅट आणि माऊस या दोघांना आपण ‘उंदीर’ म्हणून मोकळे होतो. प्रयोगशाळेत एक अडीचशे ग्रॅमचा असतो, दुसरा पंचवीस ग्रॅमचा. दोघांची वागणूक वेगळी आणि औषधाला मिळणारा प्रतिसादही कधीकधी वेगळा. पण या बाबतीत गरीब असलेल्या मराठीकडे भीतीच्या छटांची श्रीमंती आहे. मुलगा परगावी आजारी पडला की आईला घोर लागतो. निकालाच्या आदल्या रात्री हुरहूर असते, सावकाराची धास्ती असते, अंधारात साप दिसला की गाळण उडते. आणि बैल, घोडा, वासरू यांच्यासाठी आपण वेगळंच क्रियापद राखून ठेवलं आहे: जनावर बुजतं. नव्या गोठ्यात बुजतं, ट्रकच्या हॉर्नला बुजतं. त्याच्या मनात काय चाललंय याबद्दल हे क्रियापद काहीही दावा करत नाही. दिसतं तेवढं सांगतं. प्लस मेझवर रॅट जे करतो त्याला ‘चिंतासदृश वर्तन’ हा जड समास घडवण्याआधीच आपल्याकडे नेमका शब्द होता. रॅट बुजतो.

आता हे यंत्र चिंता मोजतं असं ठरलं कसं? १९८४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ही उंच फुली वापरात आली आणि १९८५ मध्ये रॅटांसाठी तिची प्रमाण चाचणी प्रसिद्ध झाली. प्रमाण ठरवायची रीत साधी होती. त्या काळात चिंतेवर चालणारी खात्रीची औषधं म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड आणि डायझेपाम, १९६० नंतर बाजारात आलेली बेन्झोडायझेपिन्स. ती दिल्यावर रॅट उघड्यावर जास्त फिरला, चिंता वाढवणारी रसायनं दिल्यावर कमी फिरला, म्हणून चाचणी खरी. मग त्याच चाचणीने पुढची औषधं निवडायची. आपल्याकडे याला म्हण आहे: उंदराला मांजर साक्ष. डायझेपाम ओळखण्यासाठी बेतलेली चाळणी डायझेपामच्या जातीचे रेणू छान गाळून देते. पण आज चिंतेच्या रुग्णाला डॉक्टर बहुतेक वेळा जी पहिली गोळी लिहून देतात, ती एस्सिटॅलोप्रॅमच्या गटातली असते आणि तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. तिचा एकच डोस देऊन रॅटला फुलीवर ठेवलं, तर बऱ्याचदा काहीच फरक पडत नाही, कधीकधी तो जास्तच बुजतो. म्हणजे आजचं मुख्य औषध या परीक्षेला बसलं असतं, तर नापास होण्याचीच शक्यता अधिक होती.

आणखी एक विचित्र गोष्ट. एकदा फुली पाहिलेल्या रॅटला दुसऱ्यांदा फुलीवर ठेवलं, की त्याच्यावर डायझेपामचा परिणाम जवळजवळ दिसेनासा होतो. पाच मिनिटांच्या ओळखीत त्याच्या भीतीची जातच बदलते. माणसाची चिंता अशी नसते. ती वर्षानुवर्षं त्याच घरात, त्याच खुर्चीत, त्याच विचारावर बसून राहते.

एवढं असूनही पेप्टाइडांची कथा उंदरांवाचून सांगता येत नाही, कारण ती सुरूच प्राण्यांपासून होते. १९५५ मध्ये कळलं होतं, की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून कसला तरी निरोप पिट्युटरीला जातो, पिट्युटरी तो मूत्रपिंडावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींना देते आणि मग ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. पण निरोप्या कोण, हे कळायला सव्वीस वर्षं गेली. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी कत्तलखान्यांतून गोळा केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूंतून तो वेगळा केला. ४१ अमिनो आम्लांची ही साखळी, नाव सीआरएफ. पुढे कळलं की माणसाचं सीआरएफ आणि रॅटचं सीआरएफ यांत एकाही अमिनो आम्लाचा फरक नाही. मेंढीचं मात्र थोडं वेगळं. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. करोडो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन जीवांनी संकटाचा तोच निरोप अक्षरशः जपून ठेवलाय.

पुढच्याच वर्षी सीआरएफ रॅटच्या मेंदूतल्या पोकळीत टोचून बघितलं गेलं. ओळखीच्या पिंजऱ्यात रॅट जास्त हालचाल करू लागला. अनोळखी जागेत तोच रॅट आक्रसून गेला, कमी फिरला, कोपऱ्याला चिकटला. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो आणि लोकप्रिय लेखांत तोच सर्वांत कमी सांगितला जातो. पेप्टाइड तेच, परिणाम उलटे. मधे फक्त जागा बदलली. म्हणजे सीआरएफ भीती ओतत नाही. जे चाललंय त्याचा आवाज वाढवतं आणि कुठे आहोत यावर बाकीचं ठरतं. पण संशोधनाच्या पुढच्या लाटेत हा बारकावा मागे पडला आणि सीआरएफ हे ‘चिंतेचं पेप्टाइड’ होऊन बसलं.

ती लाट भरघोस होती. सीआरएफ जास्त बनवणारे माऊस तयार केले, ते बुजरे निघाले. १९९८ मध्ये दोन प्रयोगशाळांनी सीआरएफचा पहिला ग्राहक रेणू (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा सीआरएफचा निरोप झेलणारा रेणू) नसलेले माऊस बनवले, ते धीट निघाले. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणाला हवा? ग्राहकाला कुलूप लावणारं औषध बनवा, चिंता मिटेल. मग २००० साल उजाडलं. दुसरा ग्राहक नसलेले माऊस तीन वेगवेगळ्या चमूंनी बनवले आणि एकाच नियतकालिकात प्रसिद्ध केले. एका चमूच्या माऊसांत नर-मादी दोघे जास्त बुजत होते. दुसऱ्या चमूत फक्त नर. तिसऱ्या चमूत काहीच फरक नाही. जनुक तेच, निकाल तीन. शांतपणे विचार केला असता, तर इथेच थांबून फुलीकडे संशयाने बघायला हवं होतं. थांबायला कोणाला वेळ नव्हता, कारण त्याच वर्षी म्युनिकमधून बातमी आली होती की नैराश्याच्या चोवीस रुग्णांवर असं एक कुलूप-औषध लागू पडलं. त्या अभ्यासात खोट्या गोळीचा गट नव्हता. काय देतोय हे डॉक्टरांना आणि काय घेतोय हे रुग्णांना ठाऊक होतं. त्या औषधाचा पुढे यकृतावरच्या परिणामांमुळे गाशा गुंडाळला गेला.

खरी परीक्षा २०१० मध्ये झाली. पेक्सासरफाँट नावाचं कुलूप-औषध सततच्या चिंतेच्या विकाराने ग्रासलेल्या २६० रुग्णांच्या चाचणीत उतरवलं गेलं. एका गटाला ते, एका गटाला खोटी गोळी, एका गटाला एस्सिटॅलोप्रॅम, आठ आठवडे. पेक्सासरफाँट खोट्या गोळीपेक्षा तसूभरही सरस ठरलं नाही. एस्सिटॅलोप्रॅम ठरलं, म्हणजे चाचणीची मांडणी चुकली होती असं म्हणायचीही सोय उरली नाही. २०१७ मध्ये आघातोत्तर ताणाच्या विकाराने पीडित १२८ स्त्रियांवर दुसऱ्या कुलूप-औषधाची चाचणी झाली. तिथेही तेच. औषध ग्राहकापर्यंत पोचलंच नाही, असं म्हणावं तर काही अभ्यासांत ताणाच्या संप्रेरकावर त्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. कुलूप बसलं होतं. घरात चोर वेगळ्याच वाटेने येत होता.

इथे प्राणिप्रयोगांचे विरोधक म्हणतात: बघा, सांगत होतो ना, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मला हे फार सोपं वाटतं, कारण गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने याच कुळातल्या क्रिनेसरफाँटला मान्यता दिली. चिंतेसाठी मात्र नव्हे. काही मुलं जन्मतःच असा दोष घेऊन येतात, की त्यांच्या अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसोल बनवता येत नाही. कॉर्टिसोल नाही म्हणून मेंदू सीआरएफ पाठवत राहतो, पिट्युटरी ग्रंथींना झोडपत राहते आणि कॉर्टिसोलऐवजी पुरुषी संप्रेरकांचा पूर येतो. आजवर तो पूर आवरण्यासाठी या मुलांना स्टेरॉइडचे मोठे डोस घ्यावे लागत. तिथे सीआरएफच्या ग्राहकाला लावलेलं कुलूप चपखल बसलं.

हे दोन निकाल शेजारी ठेवून बघा. रॅटने आपल्याला खोटं सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं: हा रेणू धोक्याची घंटा वाजवतो, माझ्यात जसा तसाच तुमच्यात. ते बरोबर होतं. घंटा बिघडलेल्या मुलांना त्याचाच उपयोग झाला. आपण मात्र त्याच्या तोंडी वेगळं वाक्य घातलं होतं: घंटा बंद केली की नोकरी जाईल, मुलीचं लग्न जमणार नाही, छातीत दुखतंय म्हणजे हार्ट अॅटॅकच, असले विचारही बंद होतील. रॅटला नोकरी नसते. भीतीच्या मज्जामार्गांवर आयुष्य घालवलेले न्यूयॉर्कचे जोसेफ लेडू अलीकडे हेच सांगत असतात, की धोक्याला शरीराने दिलेलं उत्तर आणि भीतीची जाणीव या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पहिली उंदरात अभ्यासता येते, दुसरीबद्दल उंदराला विचारता येत नाही. लेडूंचं हे म्हणणं सगळ्यांना पटत नाही. प्राण्यांना भावना असतातच, असं ठामपणे मांडणारे शास्त्रज्ञही मोठे आहेत आणि मनाने मी त्यांच्याकडे झुकते. पण रॅटला भावना असणं आणि त्याची भावना माझ्या भावनेसारखी असणं, यांत दरी आहेच. बुजणं ही भावना नाही असं कुठे आहे? ती काळजी नाही, एवढंच.

असंच एकदा ‘पदार्थ पी’ नावाच्या पेप्टाइडाबाबत झालं होतं. त्याचा ग्राहक अडवणारं अॅप्रेपिटंट १९९८ मध्ये नैराश्यावरचा नवा मार्ग म्हणून गाजलं, पुढच्या मोठ्या चाचण्यांत पडलं, आणि २००३ पासून केमोथेरपीच्या उलट्यांवरचं औषध म्हणून मान्य आहे. आज आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयांतही ते रोज वापरलं जातं. गंमत म्हणजे रॅट आणि माऊस यांना उलटी करताच येत नाही. तो गुण फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात तपासावा लागला. कोणत्या प्राण्याला कोणता प्रश्न विचारायचा, हे कळलं की उत्तर मिळतं.

महाराष्ट्रातही या विषयावर चांगलं काम झालं आहे आणि ते मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आपल्याकडे ते फारसं कोणाला माहीत नसतं. कार्ट नावाचं पेप्टाइड १९९५ मध्ये रॅटच्या मेंदूत कोकेनच्या संदर्भात सापडलं. नागपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की दारूची सवय लागलेल्या रॅटची दारू एकदम बंद केली, तर अॅमिग्डला या भीतीशी निगडित मेंदूभागाच्या मध्यवर्ती केंद्रात कार्ट वाढतं, रॅट बुजू लागतो आणि तिथेच कार्टला निष्प्रभ केलं तर बुजणं उतरतं. माझ्या दृष्टीने हा प्रश्न उंदराला विचारण्याजोगा होता. दारू सुटल्यावरचं थरथरणं, दचकणं, घाम हा बराचसा शरीराचा मामला आहे, आणि त्या शरीराची रचना आपली नि रॅटची पुष्कळशी सारखी आहे. त्या अभ्यासाने दारुड्याच्या मनातली अपराधी भावना समजून घ्यायचा दावा केला नाही. विदर्भातल्या गावांत दारू सोडायला निघालेल्या माणसाच्या पहिल्या चार रात्रींचा अर्थ मात्र त्यातून थोडा उलगडतो.

आता सार्वजनिक पैशाचं आणि प्राण्यांचं बोलू. आपल्या राज्यात औषधनिर्माणशास्त्राची किती महाविद्यालयं आहेत ते मोजायला नको. तालुक्याच्या गावालाही आता एक असतं. त्यांतल्या अनेकांत दरवर्षी असे प्रबंध होतात: अमुक वनस्पतीच्या अर्काचा चिंताशामक परिणाम. पाच गट, प्रत्येकी सहा प्राणी, प्लस मेझ, तुलनेला डायझेपाम, निष्कर्ष सकारात्मक. माझा प्रबंध याच साच्याचा होता. वनस्पतीच्या जागी एक रेणू होता इतकंच. नकारात्मक निकालाचा प्रबंध मी आजवर पाहिलेला नाही. सहा-सहाच्या गटांत सगळ्यांची औषधं लागू पडावीत, हा चमत्कारच म्हणायचा.

आणि त्या सहांवरही औषधाखेरीज काय काय परिणाम करत असतं! १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी ठरवून एक प्रयोग केला: तिन्हीकडे माऊसांचे तेच वंश, एकाच मापाची उपकरणं, तोच दिवस, तीच वेळ, तेच खाद्य. तरीही निकाल जागोजागी वेगळे आले, आणि प्लस मेझवर तर ठळकपणे. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट यांनी दाखवलं, की शेपटीला धरून उचललेले माऊस फुलीवर जास्त बुजतात. ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले कमी. २०१४ मध्ये माँट्रियलच्या एका चमूने दाखवलं, की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टीशर्ट असला, तरी उंदरांचा ताण वाढतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या अॅनिमल हाऊसचे मामा आठवले. मामा रॅटला शेपटीने कधीच उचलत नसत. तळहातावर घेत, अंगठ्याने मान खाजवत आणि मग मेझवर सोडत. मामा रजेवर असले की आम्ही पोरं शेपटीला धरून पटकन ठेवायचो. माझ्या तीस रॅटांपैकी किती मामांनी ठेवले आणि किती आम्ही, याची नोंद माझ्या वहीत नाही. माझ्या निकालात औषधाचा वाटा किती आणि मामांचा किती, ते मला आज सांगता येणार नाही.

नर-मादीचा मुद्दा तर लाज वाटण्यासारखा आहे. स्त्रियांमध्ये चिंतेच्या विकारांचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं. आणि मेंदूविज्ञानातल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार, फक्त नर वापरणारे अभ्यास फक्त मादी वापरणाऱ्यांच्या साडेपाचपट होते. कारण सांगितलं जायचं की मादीचं चक्र निकालात गोंधळ घालतं. ज्याला आपण गोंधळ म्हणतो तेच तर समजून घ्यायचं होतं! सीआरएफचा ग्राहक नर आणि मादी रॅटच्या मेंदूपेशीत वेगळं वागतो, मादीत तो पेशीच्या आत सहज ओढला जात नाही, हे २०१० मध्ये समोर आलं. माझे तीसही रॅट नर होते. का, असं मला एथिक्स कमिटीत कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

आपल्याकडे प्राणिप्रयोगांवर देखरेख आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आहे, आणि २०२३ मध्ये औषध चाचण्यांचे नियम बदलून प्राण्यांखेरीज दुसऱ्या पद्धतींनाही जागा दिली आहे. पण समितीचा सगळा भर पिंजऱ्याचं माप, भूल आणि शेवटी प्राणी कसा मारणार यावर असतो. ते आवश्यकच आहे. पण प्रश्न उंदराने उत्तर द्यावा असा आहे का, सहा प्राण्यांत त्याचं उत्तर मिळेल का, नकारात्मक आलं तरी छापणार का, हे विचारलं जात नाही. ज्या प्रयोगातून काहीच कळणार नाही, त्यात प्राण्याला कितीही मऊ हाताने मारलं, तरी ती हत्या फुकटच. माझं मत असं आहे की तीस महाविद्यालयांनी तीस-तीस प्राण्यांचे वेगवेगळे प्रबंध करण्यापेक्षा विद्यापीठाने त्यांतल्या पाचांना एकत्र बसवून एकच प्रश्न, दोन्ही लिंगं, पुरेशी संख्या आणि आधी नोंदवलेला आराखडा असा एक अभ्यास करू द्यावा. एकट्याच्या नावावर प्रबंध हवा, या हट्टापायी आपण शेकडो जनावरं खर्च करतो. माझ्या या म्हणण्याला प्राध्यापक मित्रांचं उत्तर ठरलेलं असतं: विद्यार्थ्याच्या हाताला सवय कशी लागणार? हाताची सवय हा मुद्दा खोटा नाही. पण मग त्याला संशोधन न म्हणता सराव म्हणावं आणि त्यातून निघालेला ‘चिंताशामक’ निष्कर्ष छापू नये.

कारण छापलेलं वाहत जातं. कुठे, ते बघायला फोन उघडला तरी पुरे. ‘पेप्टाइड’ हा सध्याचा तेजीतला शब्द आहे. व्यायामशाळांतून, समाजमाध्यमांतून, झोपेसाठी, सांध्यांसाठी, चिंतेसाठी लहान लहान कुप्या विकल्या जातात. वर बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी’. सेलँक नावाचं सात अमिनो आम्लांचं पेप्टाइड मॉस्कोत बनलं, रशियात चिंतेवरचं औषध म्हणून त्याची नोंद आहे, अमेरिकेच्या नियंत्रकाची मान्यता नाही. आणि नाकात मारायचा फवारा म्हणून ते इंटरनेटवर कोणालाही मिळतं. जाहिरातीतला पुरावा बराचसा उंदरांचा. ऑक्सिटोसिनचे फवारे ‘सामाजिक भीती’साठी असेच विकले जातात. २०२१ मध्ये स्वमग्न मुलांवरच्या २९० जणांच्या चाचणीत सामाजिक वागणुकीवर त्याचा फायदा दिसला नाही, हे जाहिरात सांगत नाही.

जाहिरात आणखी एक गोष्ट सांगत नाही. घरात मधुमेही असेल तर इन्सुलिन टोचूनच का घ्यावं लागतं हे तुम्हाला ठाऊक असेल: तेही पेप्टाइडच, गिळलं तर पचून जातं. मेंदूचं तर त्याहून कठीण. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत बहुतेक पेप्टाइडांना आत येऊ देत नाही. म्हणूनच रॅटला भूल देऊन, त्याचं डोकं चौकटीत घट्ट बसवून, कवटीला बारीक भोक पाडून, दाताच्या सिमेंटने पोलादी नळी पक्की करून पेप्टाइड थेट मेंदूत सोडावं लागतं. ‘उंदरांमध्ये सिद्ध’ या दोन शब्दांच्या मागे ते भोक असतं. ज्या पेप्टाइडने भोकातून काम केलं ते नाकातून करेल, याची हमी त्या प्रयोगात नसते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला, आणि वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. एवढी माणसं दाराबाहेर उभी असताना कुपी विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. म्हणून मला ‘सदृश’ या शब्दाचा इतका आग्रह आहे. डॉक्टरकडे जायला शरमणारा एखादा तरुण रात्री दोन वाजता फोनवर ‘चिंता कमी करणारे पेप्टाइड’ शोधतो तेव्हा त्याच्या हाती माझ्यासारखीच्या प्रबंधाचा, दोनचारदा भाषांतर होऊन गुळगुळीत झालेला, सारांश लागतो.

तो फरशीवर पडलेला रॅट. नियम असा की फुलीवरून खाली पडलेला प्राणी मोजणीतून वगळायचा. मी वगळला, आणि गटात पाचच राहिले म्हणून नवा आणला. नवा नीट वागला. निकालातला फरक त्यामुळे संख्याशास्त्राच्या रेषेच्या अलीकडून पलीकडे गेला. मॅडमना मी सांगितलं, पडला. त्यांनी वही बघितली, चष्मा वर केला आणि विचारलं, “पडला की उतरला?” मामांनीच त्याला फरशीवरून उचललं होतं, म्हणून मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, “कंटाळला असंल बिचारा.”

वहीत त्या रकान्यात मी ‘पडला’ असं लिहिलेलं आहे. पुढे लाल पेनाने एक प्रश्नचिन्ह आहे, ते मॅडमचं.